कळूनही न मानणं

विश्वास मोठा की आज्ञापालन, हा वाद ख्रिस्ती मंडळींत सुरू झाला की योहानाच्या शुभवर्तमानातलं ३:३६ हे वचन हमखास निघतं. पूर्वार्धाबद्दल कुणाची तक्रार नाही: जो पुत्रावर, म्हणजे येशूवर, विश्वास ठेवतो त्याला सार्वकालिक जीवन आहे. उत्तरार्धात मात्र ग्रीक पाठात 'हो दे अपेइथोन तो हुइओ' असे शब्द येतात आणि तिथून भाषांतरांच्या वाटा वेगळ्या होतात. १६११ च्या किंग जेम्स इंग्रजी बायबलने त्याचा अर्थ 'जो पुत्रावर विश्वास ठेवत नाही' असा केला. १८८१ च्या सुधारित इंग्रजी नव्या कराराने 'जो पुत्राची आज्ञा पाळत नाही' असा केला. तेवढ्यावर दोन तट पडतात. एका तटाला यात तारण केवळ विश्वासाने मिळतं याचा पुरावा दिसतो, दुसऱ्याला आज्ञापालनाशिवाय विश्वास पोकळ असल्याचा. दोघंही 'मुळात असं आहे' असं छातीठोकपणे सांगतात, आणि मुळातला शब्द दोघांच्याही म्हणण्यात पुरता मावत नाही.

माझी भूमिका आधीच मांडतो. 'अपेइथेओ' हे क्रियापद, 'अपेइथेइया' हे त्याचं नाम आणि 'अपेइथेस' हे विशेषण, या तिघांचा नव्या करारातला गाभा नियम मोडणं हा नाही आणि एखादी गोष्ट खोटी समजणं हाही नाही. आपल्यापर्यंत पोचलेल्या शब्दाला, किंवा तो शब्द बोलणाऱ्याला, न मानणं हा तो गाभा आहे. बहुतेक ठिकाणी ऐकणाऱ्याला पुरेसं कळलेलं असतं. तो वळत नाही. 'आज्ञाभंग' म्हटलं की यातलं मन गळतं आणि 'अविश्वास' म्हटलं की यातला विरोध गळतो. मराठीत 'न मानणे' हे साधं क्रियापद दोन्ही धरून ठेवतं. ग्रीक शिकवणारे आणि प्रवचन करणारे या शब्दाचा इतका कमी आधार का घेतात, हे मला कळलेलं नाही.

आधी शब्दांची मोजदाद करू, कारण वाद करणारे सहसा एकदोन वचनांवर थांबतात. आज प्रमाण मानल्या जाणाऱ्या ग्रीक पाठात क्रियापद १४ वेळा येतं: योहानात एकदा, प्रेषितांच्या कृत्यांत दोनदा, रोमकरांस पत्रात पाच वेळा, इब्री लोकांस पत्रात दोनदा आणि पेत्राच्या पहिल्या पत्रात चार वेळा. विशेषण सहा वेळा आहे. नाम सहा वेळा, आणि कलस्सै ३:६ मधला वादग्रस्त पाठ धरला तर सात. म्हणजे सगळी स्थळं एका बैठकीत वाचून होतात. वाचताना प्रत्येक ठिकाणी तीन गोष्टी टिपाव्यात: कोण बोललं, काय बोललं, आणि न मानणाऱ्याने नेमकं काय केलं. एवढं केलं तरी अर्धा वाद निवतो. बरेच जण मात्र स्ट्राँगच्या बायबल-शब्दसूचीतल्या क्रमांकावर जातात. ५४४ खाली 'अपेइथेओ' सापडतं, पुढे दोनचार इंग्रजी प्रतिशब्द दिसतात, आणि त्यातला सोयीचा उचलला जातो. त्या नोंदीत आडव्या रेघेनंतर येते ती अर्थांची यादी नसते. किंग जेम्सने तो शब्द कुठे कुठे कसा भाषांतरला याची ती जंत्री असते. तिच्यावरून किंग जेम्सचं भाषांतर बरोबर ठरवणं म्हणजे साक्षीदारालाच न्यायाधीश करणं.

आता विरोधी बाजूचे मुद्दे, आणि ते कच्चे नाहीत.

पहिला मुद्दा व्युत्पत्तीचा. 'अ' म्हणजे नकार आणि 'पेइथो' म्हणजे मन वळवणे, समजावून पटवणे. म्हणून 'अपेइथेओ' म्हणजे न पटणे, असं सांगणाऱ्यांना भाषाशास्त्र जाणणारे लगेच अडवतात आणि ते बरोबर करतात. जेम्स बार यांनी १९६१ मध्ये बायबल-अभ्यासातली ही खोड पुराव्यानिशी दाखवली: शब्दाचा अर्थ त्याच्या मुळात नसतो, वापरात असतो. वापर काय सांगतो? इजिप्तच्या हिबे गावी मिळालेल्या पपायरसांत, म्हणजे लव्हाळ्याच्या कागदावरच्या लिखाणांत, इ.स.पू. तिसऱ्या शतकातलं एक पत्र आहे. त्यात पात्रोन नावाच्या माणसाची 'अपेइथेइया' वरिष्ठाला कळवली आहे. तिथे मन वळण्याबिळण्याचा संबंध नाही. सांगितलेलं काम त्याने केलं नाही, एवढंच. खुद्द नव्या करारात याकोब ३:३ मध्ये घोड्यांनी आपलं 'मानावं' म्हणून त्यांच्या तोंडात लगाम घालतात असं म्हटलंय आणि तिथे 'पेइथोमाई' हेच क्रियापद आहे. घोड्याला कुणी युक्तिवाद करून पटवत नाही. रोमकरांस १:३० आणि २ तीमथ्य ३:२ मध्ये आईबापांना न जुमानणाऱ्या मुलांसाठी हेच विशेषण येतं. तेव्हा साधी अवज्ञा हा अर्थ या शब्दाला आहे, आणि ते नाकारण्यात अर्थ नाही.

दुसरा मुद्दा उलट बाजूचा. योहान ३:३६ मध्ये 'विश्वास ठेवणारा' आणि 'अपेइथोन' अशी सरळ जोडी आहे. मग दुसरं पद पहिल्याचा नकार नको का? प्रे. कृत्ये १४:१-२ मध्येही इकुन्य शहरात पुष्कळांनी विश्वास ठेवला आणि ज्यांनी 'अपेइथेओ' केलं त्यांनी विरोध पेटवला, अशीच रचना आहे. इथे अविश्वासाची बाजू घेणाऱ्यांना प्राचीन भाषांतरांचाही आधार आहे. लॅटिन व्हल्गेटने योहान ३:३६ मध्ये 'इन्क्रेदुलुस', म्हणजे विश्वास न ठेवणारा, असा शब्द घातला. रोमकरांस ११:३२ मध्येही तेच केलं. इफिसकरांस २:२ मधल्या 'अपेइथेइयाच्या पुत्रांना' तर 'दिफिदेन्तिया'चे, अविश्वासाचे, पुत्र म्हटलं. लूथरच्या जर्मन भाषांतरातही तिथे अविश्वासाची मुलं आहेत. शिवाय योहान सारख्या अर्थाचे शब्द आलटूनपालटून वापरतो हे २१ व्या अध्यायातल्या येशू आणि पेत्र यांच्या संवादावरून, जिथे प्रेमासाठी दोन क्रियापदं येतात, सगळ्यांना ठाऊक आहे. तेव्हा ३:३६ मध्येही त्याने निव्वळ शब्द बदलला असेल, अर्थ नाही, असं म्हणायला जागा आहे.

हे दोन्ही मुद्दे मान्य करूनही दोन्ही तटांचा निष्कर्ष मात्र मान्य होत नाही. नव्या कराराच्या ग्रीकसाठी प्रमाण मानल्या जाणाऱ्या बाउअरच्या कोशाने एक गोष्ट सरळ नोंदवली आहे: 'विश्वास न ठेवणे' हा अर्थ वादग्रस्त आहे आणि तो ख्रिस्ती लेखनाबाहेर सापडत नाही. म्हणजे ग्रीक बोलणाऱ्या सामान्य माणसाच्या कानाला हा शब्द 'मला ते खरं वाटत नाही' असा ऐकू येत नव्हता. योहानाला नुसता अविश्वास म्हणायचा असता तर शब्द त्याच्या हाताशीच होता. याच अध्यायात, १८ व्या वचनात, तो 'हो मे पिस्तेउओन', विश्वास न ठेवणारा, असं स्वच्छ लिहितो. ३६ व्या वचनात तो वळण घेतो आणि साऱ्या शुभवर्तमानात एकदाच हा शब्द वापरतो. त्यापुढे कर्म कोणतं आहे? आज्ञा नाही, विधान नाही. 'तो हुइओ', पुत्राला. माणूस माणसाला मानत नाही. जोडीचा नकार आहे हे खरं, पण विश्वासाचा नकार म्हणजे शंका नव्हे, पुत्राला झिडकारणं, हे सांगायलाच शब्द बदललेला असावा. देवाचा क्रोध अशा माणसावर राहतो, हे जे वाक्य पुढे येतं, तेही शंका घेणाऱ्यापेक्षा झिडकारणाऱ्याला जास्त लागू पडतं.

व्युत्पत्तीच्या बाबतीतही एक बारकावा सुटतो. मुळावरून अर्थ काढू नये हे खरं, पण लेखकच जेव्हा मूळ आणि त्याचा नकार एका दमात शेजारी ठेवतो, तेव्हा तो नाद त्याने ऐकलेला असतो. प्रे. कृत्ये १९:८-९ पाहा. इफिसच्या सभास्थानात पौल तीन महिने वाद करत होता आणि 'पेइथोन', मन वळवत होता. पुढच्याच वाक्यात काही जण कठीण झाले आणि 'एपेइथुन', वळेनात. मग त्याने शिष्यांना वेगळं काढलं आणि तुरन्नाच्या पाठशाळेत दोन वर्षं रोज शिकवलं. हा संदर्भ वाचून इथे 'आज्ञा मोडली' असं कोण म्हणेल? पौलाने आज्ञा दिलीच नव्हती. तो समजावत होता. आणि 'विश्वास ठेवला नाही' हेही अपुरं पडतं, कारण ते कठीण झाले आणि लोकांसमोर त्या मार्गाची निंदा करू लागले, असं या पुस्तकाचा लेखक लूक सांगतो. २६ व्या अध्यायात अग्रिप्पा राजापुढे पौल म्हणतो, स्वर्गीय दर्शनाला मी 'अपेइथेस' झालो नाही. आणि थोड्याच वेळात अग्रिप्पा त्याला म्हणतो, तू थोडक्यात मला ख्रिस्ती व्हायला 'पेइथेइस', वळवतोयस. एकाच दरबारात, एकाच संवादात.

त्याच पुस्तकाचा पाचवा अध्याय या शब्दकुळाचा अख्खा पसारा दाखवतो. २९ व्या वचनात पेत्र आणि प्रेषित न्यायसभेला सांगतात की माणसांपेक्षा देवाची आज्ञा मानली पाहिजे. शब्द 'पेइथार्खेओ', अधिकाऱ्याला मानणं. ३६-३७ मध्ये सभेतला शास्त्री गमलियेल हा थुदास आणि यहूदा गालीली या बंडखोरांच्या मागे गेलेल्या लोकांबद्दल बोलतो. शब्द 'एपेइथोन्तो', जे त्यांना मानत होते. ३९ मध्ये सभेला गमलियेलाचं म्हणणं पटतं, शब्द 'एपेइस्थेसान'. आज्ञा मानणं, पुढाऱ्याला मानणं, म्हणणं मानणं. मराठी वाचकाला हे तिन्ही अर्थ एका क्रियापदात बसलेले पाहून आश्चर्य वाटायचं कारण नाही. आपण देव मानतो, वडिलांना मानतो, डॉक्टरांचा सल्ला मानतो आणि चूक झाल्याचंही मानतो.

ग्रीकांमध्ये हा पसारा ख्रिस्ताच्या आधीपासून होता. इ.स.पू. ३९९ च्या खटल्यात सॉक्रेटिस न्यायाधीशांना सांगतो की तुमच्यापेक्षा मी देवाचं मानीन. प्रेषितांच्या वाक्याशी याचं साम्य उघड आहे. पण त्याच सॉक्रेटिसाला तुरुंगातून पळून जायला मित्र सुचवतो, तेव्हा नगराचे कायदे जणू समोर उभे राहून बोलतात. न मानणाऱ्याचा दोष ते असा सांगतात की तो आमचं मानतही नाही आणि आमचं चुकत असेल तर आम्हाला पटवूनही देत नाही. म्हणजे न मानणं आणि न पटवणं हे ग्रीक मनाला एकाच नात्याचे दोन बिघाड वाटत होते. बोलणारा आहे, ऐकणारा आहे, मध्ये बोलणं आहे. 'अपेइथेइया' या नात्याच्या आत घडते. नियमाच्या पुस्तकाशी तिचा संबंध नंतर येतो.

नियमाच्या पुस्तकासाठी ग्रीकमध्ये वेगळे शब्द होते. 'पाराबासिस' म्हणजे ठरलेली रेघ ओलांडणं. पौल रोमकरांस ४:१५ मध्ये म्हणतो की जिथे नियमशास्त्र नाही तिथे 'पाराबासिस' नाही. 'अनोमिया' म्हणजे नियम नसल्यासारखं वागणं. 'पाराकोए' हा तिसरा, नव्या करारात तीनदाच आलेला. रोमकरांस ५:१९ मध्ये आदामासाठी तो वापरलाय. 'पारा' म्हणजे बाजूला आणि 'अकोए' म्हणजे ऐकणं. मराठीत 'कानाआड करणे' याला तंतोतंत जुळतं. इथे मुळावर भिस्त नको असेल तर वापर पाहा: मत्तय १८:१७ मध्ये साक्षीदारांनी सांगितलेलं आणि मग मंडळीने सांगितलेलं कानाआड करणाऱ्यासाठी याचंच क्रियापद आहे. म्हणजे आज्ञा मोडणं, ऐकलं न ऐकलंसं करणं आणि न मानणं, हे तीन निराळे दोष होते आणि लेखकांना ते निराळे शब्द माहीत होते. व्हल्गेटने रोमकरांस ५:१९ मध्ये आज्ञाभंगाचा लॅटिन शब्द वापरला आणि 'अपेइथेइया'ला बऱ्याच ठिकाणी अविश्वासाचा. म्हणजे फरक आहे हे त्यालाही दिसलं, पण त्याने तो दुसऱ्याच टोकाला नेला.

हा फरक हिब्रू शास्त्र ग्रीकमध्ये आणणाऱ्यांच्या कानाला कसा लागला होता, याचं उत्तम उदाहरण कादेश-बर्ण्याच्या प्रसंगात मिळतं. गणना १३-१४ मधली हकिगत सगळ्यांना ठाऊक आहे: बारा हेर देवाने देऊ केलेला देश ४० दिवस पाहून आले, दहा जणांनी धीर खचवला, कालेब आणि यहोशवा जाऊ या म्हणाले, लोक गेले नाहीत. दुसऱ्या दिवशी पश्चात्ताप होऊन ते जायला निघाले, मोशेने नको म्हटलं, तरी चढले आणि मार खाऊन परतले. जुन्या करारातल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात मोशे हे पुन्हा सांगतो. हिब्रूत दोन्ही दिवसांच्या अपराधाला एकच क्रियापद आहे. ग्रीक भाषांतरकाराने मात्र पहिल्या दिवसाला, १:२६ मध्ये, 'अपेइथेओ' घातलं आणि दुसऱ्या दिवसाला, १:४३ मध्ये, 'पाराबाइनो', ओलांडणं. सेप्टुअजिंटचे, म्हणजे या प्राचीन ग्रीक भाषांतराचे, भाषांतरकार कित्येकदा नुसत्या वैविध्यासाठीही शब्द बदलतात, तेव्हा यावर फार मोठा इमला चढवू नये. पण ही वाटणी प्रसंगाला किती चपखल बसते! पहिल्या दिवशी द्राक्षांचा घोस समोर होता, वचन कानात होतं आणि मन मानेना. दुसऱ्या दिवशी 'जाऊ नका' अशी स्पष्ट मनाई होती आणि ती ओलांडली गेली.

अनुवाद ९:२३ तर वादाचा निकाल लावायला पुरेसं आहे. त्याच प्रसंगाबद्दल मोशे म्हणतो: तुम्ही परमेश्वराच्या शब्दाला 'एपेइथेसाते', आणि त्याच्यावर विश्वास ठेवला नाही, आणि त्याची वाणी ऐकली नाही. ग्रीकमध्ये तीन वेगळी क्रियापदं, 'आणि' ने जोडलेली. 'अपेइथेओ' म्हणजे निव्वळ अविश्वास असता तर दुसरं वाक्य कशाला? निव्वळ न ऐकणं असतं तर तिसरं कशाला? तिघं एकमेकांना चिकटून आहेत, पण एक नाहीत. इब्री लोकांस पत्राचा लेखक स्तोत्र ९५ च्या आधाराने हाच प्रसंग उलगडतो, तेव्हा तोही असंच करतो. ३:१८ मध्ये विसाव्यात न जाणारे ते 'अपेइथेओ' करणारे. ३:१९ मध्ये ते जाऊ शकले नाहीत ते 'अपिस्तिया'मुळे, अविश्वासामुळे. ४:६ आणि ४:११ मध्ये पुन्हा 'अपेइथेइया'. किंग जेम्सने या चारही ठिकाणी अविश्वासच घातला आणि लेखकाने जपलेला फरक इंग्रजीत पुसला. नकल करणाऱ्यांचीही इथे गल्लत व्हायची: जुन्या पपायरसांपैकी 'पी ४६' या हस्तलिखितात ४:६ इथे 'अपिस्तिया' वाचायला मिळतं. दोन शब्द नाद आणि अर्थ दोन्हींनी इतके जवळ आहेत की हात सहज घसरतो. म्हणूनच जिथे पाठ पक्का आहे तिथे भाषांतराने घसरू नये.

या साऱ्यात मला सगळ्यात निर्णायक वाटतं ते राहाबेचं वचन, आणि दोन्ही तट त्याच्याकडे सहसा फिरकत नाहीत. इब्री ११:३१: विश्वासाने राहाब वेश्या 'अपेइथेसासिन' लोकांबरोबर नाश पावली नाही, कारण तिने हेरांचं शांतीने स्वागत केलं होतं. हे लोक म्हणजे यरीहोचे रहिवासी, आणि हेर इस्राएलाचे. आता त्यांनी कोणती आज्ञा मोडली? यरीहोला आज्ञा दिलेलीच नव्हती. मोशेचं नियमशास्त्र त्यांच्यासाठी नव्हतं आणि कुणी संदेष्टा त्यांच्या वेशीवर आला नव्हता. बरं, मग त्यांनी विश्वास ठेवला नाही का? यहोशवा २:९-११ मध्ये राहाबच हेरांना सांगते की तांबडा समुद्र आटल्याची आणि अमोऱ्यांच्या दोन राजांच्या नाशाची बातमी आम्ही ऐकली, आमच्या काळजाचं पाणी झालं, कुणात धैर्य उरलं नाही. म्हणजे बातमी पोचली होती, तिच्यावर साऱ्या गावाचा विश्वास बसला होता, भीतीही बसली होती. गावाची माहिती आणि राहाबेची माहिती यात काडीचा फरक नव्हता. फरक एवढाच की ती वळली आणि गावाने वेशी लावून घेतल्या. 'आज्ञा मोडणारे' हे भाषांतर इथे खोटं पडतं, 'विश्वास न ठेवणारे' हेही खोटं पडतं. 'न मानणारे' बसतं, आणि आडवंतिडवं न करता बसतं.

पेत्राच्या पहिल्या पत्रातलं ३:१ हे वचन याच बाजूला साक्ष देतं. काही पती वचनाला 'अपेइथुसिन', मानत नाहीत. तरी ते बायकांच्या वागण्यावरून 'वचनावाचून' जिंकले जावेत, असं पेत्र लिहितो. शब्दाने जे वळले नाहीत ते शब्दावाचून वळावेत. हा माणूस जिंकून घ्यायचा आहे. आज्ञाभंगाचा आरोपी असा जिंकून घेत नाहीत, त्याला शिक्षा करतात किंवा माफी देतात. ४:१७ मध्ये तर देवाच्या सुवार्तेला न मानणाऱ्यांचा उल्लेख आहे. सुवार्ता ही बातमी आहे. बातमी मोडता येत नाही.

हा वाद केवळ पंडितांचा का नाही, ते इतिहासात दिसतं. 'विश्वास न ठेवणारे' हे विशेषण एका जमातीला चिकटलं की पुढे काय होतं? रोमन कॅथलिक चर्चच्या उत्तम शुक्रवारच्या (गुड फ्रायडेच्या) लॅटिन प्रार्थनेत शतकानुशतकं यहुद्यांसाठी 'पेर्फिदिस' हा शब्द होता. मूळ आशय विश्वास न ठेवणारे असा, पण लोकभाषांमध्ये त्याचा नाद विश्वासघातकी असा झाला, आणि त्याची किंमत यहुद्यांनी मोजली. १९५९ मध्ये पोप जॉन तेविसावे यांनी तो शब्द काढून टाकला. हा शब्द 'अपेइथेइया'चं भाषांतर नव्हता, हे स्पष्ट करायला हवं. पण एखाद्या नात्यातल्या बिघाडाचं नाव एखाद्या समाजाचा स्वभाव म्हणून वापरलं तर काय होतं, याचं हे उदाहरण आहे. पौल हाच धोका रोमकरांस ११:३०-३२ मध्ये अडवतो. तुम्ही पूर्वी देवाला मानत नव्हता, आता ते (यहुदी) मानत नाहीत, आणि देवाने सर्वांनाच 'अपेइथेइया'त कोंडलं ते सर्वांवर दया करावी म्हणून, असं तो विदेशी, म्हणजे यहुदी नसलेल्या, ख्रिस्ती लोकांना सांगतो. हा शब्द कुणा एका लोकांचा शिक्का नाही, असं त्याच्याच वापरातून निघतं.

दुसऱ्या बाजूचा गैरवापर आपल्या जवळचा आहे. 'अपेइथेइया म्हणजे आज्ञाभंग' हे एकदा पक्कं झालं की मंडळीत प्रश्न विचारणारा प्रत्येक जण आज्ञाभंजक ठरवता येतो. त्यासाठी इब्री १३:१७ पुढे केलं जातं: 'पेइथेस्थे' तुमच्या अधिकाऱ्यांना. याला उत्तर म्हणून अलीकडे काही जण सांगतात की इथे फक्त 'त्यांचं पटू द्या' एवढंच आहे, आज्ञा पाळायचा संबंध नाही. मला हेही पटत नाही. लगेच पुढे 'हुपेइकेते', नमतं घ्या, हा शब्द आहे; तो वगळून वचन हलकं करणं बरोबर नाही. पण नमतं घ्यायचं ते कुणापुढे? जे तुमच्या जिवांचे राखणदार म्हणून जागतात आणि ज्यांना हिशेब द्यायचा आहे त्यांच्यापुढे, असं तेच वचन सांगतं. बोलणारा आणि ऐकणारा हे नातं इथेही आहे, आणि बोलणाऱ्यावरही तितकीच जबाबदारी आहे. याकोब ३:१७ मध्ये वरून येणाऱ्या ज्ञानाचं वर्णन करताना 'एउपेइथेस' असं विशेषण आहे, साऱ्या नव्या करारात एकदाच: सांगितलेलं मानून घेणारं, मन मोकळं ठेवणारं. 'अपेइथेस'चं हे खरं विरुद्ध टोक. पाळकाने आधी ते स्वतःला लावून पाहावं आणि मग मंडळीकडे वळावं.

मराठीत काय करायचं? सेरामपूरहून १८११ मध्ये नवा करार मराठीत आला, तेव्हापासून भाषांतरकारांपुढे संस्कृत जड शब्द की बोलीतले शब्द हा प्रश्न आहे. केडगावला पंडिता रमाबाईंनी हिब्रू-ग्रीकमधून थेट भाषांतर केलं आणि ते त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झालं. साध्या बायाबापड्यांना कळावं हा त्यांचा आग्रह होता. तो आग्रह इथे नुसता सोयीचा नाही, अचूकही आहे. 'जो पुत्राला मानत नाही', 'वचनाला न मानणारे पती', 'आईबापांना न मानणारे', 'स्वर्गीय दर्शन मी अमान्य केलं नाही': एकाच धातूने जवळजवळ सगळी वचनं चालतात आणि वाचकाला ती एकमेकांशी जोडता येतात. इफिसकरांस २:२ आणि ५:६ मध्ये 'अपेइथेइयाचे पुत्र' हा हिब्रू वळणाचा वाक्प्रचार आहे. तिथे पुत्र शब्दशः न ठेवता 'देवाला न मानणारी माणसं' म्हटलं तर अर्थ सुटत नाही.

अडचण नामाची आहे, आणि ती खरी आहे. 'मानणे'ला मराठीत चालतं नकारार्थी नाम नाही. 'अमान्यता' सरकारी कागदावरची वाटते, 'न मानणेपणा' कुणी बोलत नाही. रोमकरांस ११:३२ मध्ये नामाशिवाय भागत नाही, कारण तिथे 'अपेइथेइया' ही कोंडून ठेवण्याची जागा आहे. अशा एकदोन ठिकाणी मी 'अवज्ञा' घेईन. या शब्दात आज्ञा न पाळण्याबरोबर तुच्छ लेखण्याचाही अर्थ आहे, म्हणून तो 'आज्ञाभंगा'पेक्षा जवळचा. आणि आधीच्या दोन वचनांत क्रियापद 'मानत नव्हता', 'मानत नाहीत' असं ठेवलं तर वाचक अवज्ञेचा अर्थ तिथूनच उचलतो: 'तुम्ही एके काळी देवाला मानत नव्हता, आता ते मानत नाहीत. देवाने सगळ्यांनाच अवज्ञेत कोंडलं, सगळ्यांवर दया करावी म्हणून.'